चुन्याच्या डबीतली शाळा

“पोरगीचं नाव काढा, बाई.”

बिरा कोळेकर वर्गाच्या दारात उभा होता. काठी आणि वहाणा त्याने बाहेर ठेवल्या होत्या. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं. वर्गातली चोवीस पोरं पाढे सोडून त्याच्याकडे बघायला लागली. त्याची मुलगी मायाक्का मात्र तिसऱ्या रांगेत खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढत होती. त्या पेन्सिलीला टोक होतंच.

“नाव कशाला काढायचं? दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस तर राहिलेत,” मी म्हणाले.

“सुट्टीचं न्हाय म्हनत मी. औंदा पाऊस न्हाय, चारा न्हाय. परवा तळ हलवायचा, घाट उतरून कोकणात. माघारी यायचं ते मिरगाच्या तोंडावर. दरसाली पोरीला माज्या आयपाशी ठिवत हुतो. म्हातारी उन्हाळ्यात गेली. आता कुणापाशी ठिवू?”

बारा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. माण तालुक्यातल्या वाघजाईवाडीच्या शाळेत मी पाचवीचा वर्ग घेत होते. नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती आणि आपल्याला शिकवता येतं याबद्दल मला काडीची शंका नव्हती. फळ्यावरचं माझं अक्षर बघायला शेजारच्या शाळांतले शिक्षक यायचे. मी लिहिलेला सुविचार आठवडाभर पुसायची कुणाची छाती होत नसे. मोबाईलचा मात्र मला भारी तिटकारा. तुपेसर नावाचे एक तरुण शिक्षक नुकतेच बदलून आले होते, ते मधल्या सुट्टीत कानात वायर घालून बसायचे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सुनावलं होतं, “सर, ही शाळा आहे, एसटी स्टँड नव्हे.”

मी बिराला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले.

“बिराभाऊ, फेब्रुवारीत निवासी शाळेची परीक्षा आहे. मायाचा फॉर्म मी भरलाय. पास झाली तर सहावी ते बारावी तिथंच राहणं, तिथंच जेवण. तुमची भटकंती तिच्या आड येणार नाही. अख्ख्या वर्गात गणितात तिच्यासारखी दुसरी नाही हो.”

“अन् पास न्हाय झाली तर?”

मी पदराला लागलेला खडू झटकायला लागले.

“मी वाईट बाप न्हाय, बाई. पर लेकरू हिकडं एकटं टाकून तिकडं मला घास गिळंल का? परीक्षेला आणतो, बिरोबाची आण. पास झाली तर तुमची. न्हाय झाली तर मेंढरामागं. मग पुन्यांदा साळंचा इषय काढायचा न्हाय.”

त्याचं बोलणं तोडून टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. साडेतीन महिने शाळेचं तोंड न बघता ती पोर परीक्षा कशी देणार होती? पास होणारे सगळे शहरातल्या शिकवण्यांतून यायचे. आमच्या शाळेचं नाव त्या यादीत आजवर एकदाही लागलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर तुपेसर हळूच म्हणाले, “बाई, रागावणार नसाल तर एक सांगू? बिराभाऊंकडे मोबाईल आहे. साधा, बटणांचा, पण त्यात मेमरी कार्ड बसतं. ओव्या ऐकतात ते त्याच्यावर. तुमचे धडे आपण रेकॉर्ड करू आणि कार्डात भरून देऊ. नेटही लागत नाही त्याला, आणि मायाला तिची उत्तरंही त्यात बोलून भरता येतील.”

“धडा म्हणजे काय ओवी आहे, मेंढरामागं चालता चालता ऐकायला?”

“मग दुसरं काही आहे का आपल्याकडे?”

दुसरं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुपेसरांनी मोबाईल माझ्या टेबलावर, खडूच्या डब्याला टेकवून ठेवला आणि मी तास सुरू केला. सवयीप्रमाणे आधी हजेरी घेतली. ‘मायाक्का बिरा कोळेकर’ म्हणाले आणि सवयीप्रमाणेच थांबले. तिची जागा रिकामी होती, ती तळावर सामान बांधायला गेली होती.

“हजेरीचं काढून टाकू का यातून?” तुपेसरांनी नंतर विचारलं.

“राहू द्या. हजेरीशिवाय मला शिकवता येत नाही.”

बिराचा मेव्हणा तात्याबा दर पंधरवड्याला घरच्या म्हशींकडे बघायला गावी येणार होता. त्याच्याकरवी कार्डं पाठवायची ठरलं. दोन कार्डं, एक जाणारं आणि एक येणारं. नखाएवढी ती वस्तू हरवू नये म्हणून तात्याबाने चुन्याची कोरी डबी आणली, कार्ड तिच्यात ठेवलं आणि डबी बंडीच्या आतल्या खिशात घातली. एकोणतीस वर्षांची माझी विद्या चुन्याच्या डबीत बसून घाट उतरून गेली.

पहिलं कार्ड परत आलं तेव्हा तुपेसरांनी ते पंधरा ऑगस्टला गाणी लावायच्या स्पीकरला जोडलं. वर्ग कान देऊन बसला. आधी वारा आला, मग मेंढरांचं ब्यां-ब्यां, मग एक कुत्रं. आणि मग एकदम खणखणीत आवाज आला, “हजर, बाई!”

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझाही चेहरा फुलला असावा, कारण तुपेसर माझ्याकडे बघून हसत होते. पण माया पुढे बोलत होती.

“बाई, तुमी सारकं म्हनताय, फळ्याकडं बघा. हितं फळा न्हाय. छेद ह्याच्या खाली लिवायचा, म्हनताय. कशाच्या खाली? अन् ‘हे असं केलं की हे असं होतं’, म्हनताय. कसं केलं, बाई? मला कायबी कळंना झालंय.”

पोरं खो खो हसली. मी टेबलावर पट्टी आपटली, पण ती हसणं थांबवायला की स्वतःला सावरायला, ते मलाच ठाऊक नव्हतं. घरी जाऊन मी तो तास पहिल्यापासून ऐकला. चाळीस मिनिटांत सव्वीस वेळा मी ‘हे बघा’ म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा तास ऐकत होते. शिकवायचं काम सगळं खडू करत होता आणि माझं तोंड नुसतं ‘हे’ आणि ‘ते’ करत होतं. मला रडू आलं. आधी मायाचा राग आला, मग तुपेसरांचा, आणि शेवटी, जिचा यायला हवा तिचा, माझाच आला.

दुसऱ्या दिवशी मी फळा कोरा ठेवला. मोबाईल टेबलावर ठेवला आणि वर्गाला विचारलं, “फळा न वापरता मायाला अपूर्णांक कोण समजावून सांगेल?”

कुणी उठेना. काल परवापर्यंत उदाहरणं धडाधडा सोडवणारी पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी उठला तो जयदीप खाडे. जयदीप म्हणजे वर्गातला पहिल्या नंबरचा उपद्व्यापी. मला वाटलं, बाहेर जायची परवानगी मागतोय. तो सरळ मोबाईलपाशी आला आणि त्यात तोंड घालून बोलायला लागला.

“माया, तुमची मेंढरं किती? सहा विसा. म्हंजे एकशेवीस. आता त्यांचे आठ कळप कर.”

“सारखे म्हण की!” मागून ऋतुजा ओरडली. “न्हायतर एकात दोन घालंल अन् एकात पन्नास!”

“बरं, आठ सारखे कळप कर. एकात आली पंधरा. कळप किती केले? आठ. त्यो झाला छेद. आता त्यातले तीन कळप वढ्याला पाण्यावर गेले. त्यो अंश. तीन अष्टमांश मेंढरं पाण्यावर गेली. किती गेली ते तू सांग. मी सांगनार न्हाय.”

सांगून झालं आणि तो माझ्याकडे बघत राहिला, आता पट्टी बसते की काय म्हणून. मी खुर्चीत बसून घेतलं. एकोणतीस वर्षांत भर तासाला मी खुर्चीत बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मायासाठी धडा सांगायला वर्गात भांडणं लागली. जो सांगणार त्याला आधी स्वतःला नीट समजलेलं लागायचं, आणि बाकीचे तेवीस जण त्याची चूक धरायला टपून बसायचे. आपला आवाज स्पीकरवर ऐकायचा म्हणून, कधी तोंड न उघडणारी पोरंही रात्रीची घरी तयारी करून येऊ लागली. मी फक्त घसरलेलं सावरायची. घाटाखालून मायाची उत्तरं यायची, उलटे प्रश्नही यायचे. जयदीपने एकदा चुकीचं उत्तर सांगितलं, तर ती म्हणाली, “जयद्या, तुजी सात मेंढरं कोल्ह्यानं न्हेली का? पुन्यांदा मोज.” वर्ग आठवडाभर त्याला कोल्हा म्हणत होता.

जानेवारीअखेर परीक्षा बारा दिवसांवर आली होती. आधीच्या खेपेला आम्ही सगळ्या अभ्यासाची उजळणी एका कार्डात भरून पाठवली होती, आणि मायाची त्यावरची उत्तरं येणार होती. तात्याबा डबी देऊन, तळ कोणत्या फाट्यापाशी आहे ते सांगून घाईने माघारी घाट उतरून गेला. तुपेसरांनी कार्ड लावलं. पोरं सरसावून बसली, आणि स्पीकरवर ढोल घुमायला लागला. मागोमाग झांजा, आणि बिरोबाची ओवी. तुपेसरांनी पुढचं लावलं, ओवी. त्याच्या पुढचं लावलं, ओवी. बावन्न ओव्या होत्या. धड्यांचा मागमूस नव्हता.

पोरं आधी हसली, मग जयदीपच म्हणाला, “बाई, आता माया कशावर अभ्यास करंल?”

तात्याबाची पुढची फेरी व्हायच्या आत परीक्षा होऊन गेली असती. मी रविवारी पहाटेच्या एसटीत बसले. पिशवीत नवं कार्ड आणि डोक्यात बिराला काय काय सुनावायचं त्याची यादी. घाट उतरून, तात्याबाने सांगितलेल्या फाट्यावर उतरले. कापणी झालेल्या भातखाचरांतून विचारत विचारत गेले. कोणाच्या शेतात कालची मेंढरं बसली, आज कुणाकडे गेली, ते तिकडच्या लोकांना पक्कं माहीत असतं. दहाच्या सुमाराला तळ सापडला. घोड्यांवरून उतरवलेलं सामान, तीन दगडांची चूल, आणि बिराची बायको हौसाबाई भाकऱ्या थापत होती. मला बघून तिचा हात पिठातच राहिला.

“अगं बया! बाई!”

माया धावत आली आणि माझ्या कमरेला मिठी मारली. उन्हाने काळवंडली होती, केसांत कुसळं होती. सामानाच्या पत्र्याच्या पेटीवर कोळशाने उदाहरणं लिहिलेली होती, पुसून पुसून पुन्हा लिहिलेली. तो तिचा फळा. ते बघून माझी अर्धी यादी मी विसरले. उरलेली अर्धी मात्र बिरा खाचरातून येताना दिसताच पाठ म्हणायला सुरुवात केली.

“बिराभाऊ, एवढा जीव ओतला पोरांनी त्या कार्डात! तुम्हाला ओव्याच ऐकायच्या होत्या, तर दुसरं कार्ड घेता आलं नसतं?”

बिराने पागोटं काढलं. एवढा उंच माणूस, पण शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहिला.

“माज्याच हातनं झालं, बाई. बाजाराला गेल्तो. मोबाईलच्या दुकानात पोरगं म्हनलं, काका, गानी भरू का? म्हनलं भर. मला काय ठावं, गानी भरायला आदी साळा रिकामी करत्यात! आठ दिस झालं, पोरगी माज्याशी बोलंना. त्या ओव्या एकदाबी लावल्या न्हाईत. गोड लागंनात.”

माया खरंच त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

“अभ्यासाचं काय?” मी तिला विचारलं. “कार्ड रिकामं. तू काय केलंस आठ दिवस?”

“आय म्हनून दाखवती की,” ती म्हणाली.

“कोण?”

हौसाबाई तोंडाला पदर लावून हसली. “रोज संध्याकाळी चुलीपाशी त्येच लागतंय न्हवं का. भाकरी थापता थापता कानावर पडतंय. पाट झालंय सम्दं. ऋतुजाचा त्यो सजीव-निर्जीवाचा धडा, त्यो तर मी झोपंतबी म्हनीन.”

मला विश्वास बसेना. परीक्षा घ्यायची खोड माझ्या रक्तातच. मी मायाला प्रश्न घातला, जयदीपचाच, पण आकडे बदलून. “एकशेचाळीस मेंढरं. त्यातली चार सप्तमांश डोंगरावर गेली. तळावर किती राहिली?”

माया बोटांवर मोजायला लागली, तेवढ्यात मागून आवाज आला, “साठ.”

मी वळले. बिरा पागोटं हातात धरून आभाळाकडे बघत होता.

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“न्हाय, म्हंजे... इसाचे सात कळप. चार गेलं, तीन ऱ्हायलं. साठच की, बाई.” तो लाजून जमिनीकडे बघायला लागला. “दिसभर मेंढरामागं ह्यो मोबाईल पागुट्यात खोवून चालतो मी, कानापाशी. पयलं वाटलं, पोरगीच्या नादानं जरा ऐकावं. मग गोडी लागली. मी साळंचा उंबरा चढलो न्हाय कंदी. पर जयद्याची मेंढरं समजत्यात मला.”

आता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं आहे असं मी हौसाबाईला सांगितलं. मायाने पहिल्यांदा बापाकडे वळून बघितलं. “आबा, तुमी म्या सांगायच्या आत सांगितलंसा. आता तुमी मला एक घाला.” आणि ती दोघं भातखाचराच्या बांधावर बसून एकमेकांना उदाहरणं घालायला लागली. मी भाकरी खाल्ली, नवं कार्ड दिलं आणि दुपारच्या एसटीने परत आले. माझ्या यादीतलं एकही वाक्य पुढे वापरावं लागलं नाही.

परीक्षेच्या दिवशी तालुक्याच्या केंद्रावर शहरातली पोरं नवे बूट घालून गाड्यांतून उतरत होती. आमची नऊ पोरं भिंतीला धरून उभी. दहा वाजून गेले तरी मायाचा पत्ता नव्हता. जयदीप फाटकावर चढून रस्त्याकडे बघत होता. “आली! पागुटं दिसलं!” तो ओरडला. बिरोबाची आण खरी करायला बिरा मध्यरात्री तळावरून निघाला होता, दोन एसट्या बदलून.

दोन तास तो झाडाखाली उभाच होता. माया बाहेर आली तसा पुढे धावला. “अपूर्णांक आलं व्हतं का गं?”

“आलं व्हतं, आबा. पयलंच.”

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि खाली बसला.

निकाल मृगाच्या आदल्या आठवड्यात लागला. गावात रेंज फक्त मारुतीच्या पारावर यायची. पारावर तुपेसर मोबाईल उंच धरून उभे, खाली माझा सगळा वर्ग, आणि नुकतीच मेंढरं घेऊन परतलेला बिरा. तुपेसरांनी यादी खालीवर केली, पुन्हा केली, आणि मान वर केली.

“बाई, तीन नावं आहेत.”

“तीन?”

“ऋतुजा. जयदीप. आणि...” ते एकदम ओरडले, “मायाक्का बिरा कोळेकर, तालुक्यात पहिली!”

जयदीपने जागच्या जागी उडीच मारली. पोरांनी मायाला खांद्यावर घेतलं. बिराने गुलाल कुठून पैदा केला देव जाणे, त्याने तो आधी मारुतीला लावला, मग मायाला, मग मोबाईलला, आणि तुपेसर नको नको म्हणेपर्यंत माझं अख्खं कपाळ लाल झालं होतं. मी ते पुसलं नाही. तशीच, लाल कपाळाने, गावातून शाळेत चालत गेले. कुणी बघावं म्हणूनच गेले, खोटं कशाला बोलू?

माया निवासी शाळेत गेली. पुन्हा दिवाळी आली, पुन्हा तळ हलायची वेळ झाली. मी नव्या पाचवीला तोच अपूर्णांक शिकवत होते, वर्गाकडे पाठ न करता. दारात बिरा येऊन उभा राहिला. काठी बाहेर, वहाणा बाहेर. त्याने बंडीतून चुन्याची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“कार्ड भरून द्या, बाई.”

“आता कुणाला? माया तर तिकडं शिकतेय.”

बिराने वर्गाकडे बघितलं, मग पायाच्या अंगठ्याकडे. “मला. दशांशाचं ऱ्हायलंय.”

एकही पोरगं हसलं नाही. मी खडूच्या डब्याला टेकवून मोबाईल ठेवला, हजेरीपट उघडला आणि नावं घ्यायला लागले. पंचवीस नावं झाली. मग पटावर नसलेलं एक नाव मी घेतलं आणि सवयीप्रमाणे थांबले.

पंधरा दिवसांनी डबी परत आली. तुपेसरांनी कार्ड लावलं. वारा आला, मेंढरं आली, कुत्रं आलं. मग कुणीतरी दोनदा घसा खाकरला, आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालं, “हजर, बाई.”